परदेशात बोलणारा विरोधक : गोखले, टिळक आणि आपण



मानपाड्याहून इथे कासारवडवलीला यायला आज आम्हाला पाऊण तास लागला. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला वक्तशीरपणाचा उपदेश कुणी करू नये. पण त्या पाऊण तासाचा एक फायदा झाला. रिक्षात आमच्याबरोबर सोसायटीतला एक तरुण होता. त्याने मोबाईलवर एक क्लिप लावली. आपल्याकडचा एक विरोधी पक्षाचा नेता परदेशी वाहिनीवर बोलत होता. चीन काय करतो, अमेरिकेचं कुठे चुकतं, तेल कुणाकडून घ्यायचं हे आम्हाला कुणी शिकवू नये, असं सगळं अगदी रोखठोक. खाली परदेशी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया : असा माणूस आमच्याकडे का नाही? आमचा तरुण मित्र खूश. शेजारी बसलेले आमचे समवयस्क मात्र म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. विरोधकाने घरात काय ते बोलावं, बाहेर कशाला?" दोघांचं इथल्या दारापर्यंत जुंपलं होतं. आम्हाला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही, म्हणून आता घालतो.

आमची पदवी तत्त्वज्ञानातली आहे, इतिहासाच्या घरात आम्ही पाहुणे. पण हा वाद या दोघांनी आज सुरू केलेला नाही. महाराष्ट्रात तो सव्वाशे वर्षं चालू आहे आणि त्याची किंमत मोजलेली माणसं आपल्या चांगल्या ओळखीची आहेत.

सुरुवात १८९७ पासून करू. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तीस वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायत सरकारने १८९५ मध्ये एक रॉयल कमिशन नेमलं होतं. लॉर्ड वेल्बी त्याचे अध्यक्ष, म्हणून वेल्बी कमिशन. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. साक्ष द्यायला इकडून दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर आणि डेक्कन सभेतर्फे गोखले गेले. आकडे जमवायला गणेश व्यंकटेश जोशी यांनी मदत केली होती, आणि मागे न्यायमूर्ती रानडे होते.

गोखल्यांनी तिथे काय सांगितलं? आजच्या भाषेत ते सरळसरळ भूराजकारण होतं. १८८५ नंतर लष्करी खर्च वाढला. का वाढला? तर मध्य आशियात रशिया पुढे सरकतो आहे, ही लंडनची धास्ती. म्हणून सरहद्दीवर मोहिमा, म्हणून चित्रळ. त्याच सुमारास वरचा ब्रह्मदेश खालसा केला, त्याचाही भार इथल्याच तिजोरीवर. म्हणजे रशियाचं भय साम्राज्याला आणि बिल सोलापूरच्या शेतकऱ्याला. लक्षात घ्या, १८९६-९७ हे दुष्काळाचं वर्ष आहे. जो शेतकरी सरहद्दीचा खर्च भरतो आहे त्याच्या घरात दाणा नाही. साम्राज्याच्या संरक्षणाचा खर्च साम्राज्याने वाटून घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. यात आरडाओरडा काही नव्हता. कमिशनच्या सभासदांनी उलटसुलट प्रश्न विचारले, गोखल्यांनी आकड्याला आकडा दिला. दादाभाई, वेडरबर्न, केन यांच्यासारखे मित्र खूश झाले. पुढे १९०० मध्ये कमिशनचा अहवाल आला, तेव्हा याच तिघांनी वेगळं मत नोंदवलं.

इथे थांबलं असतं तर ही नुसती यशोगाथा झाली असती. पण गोखले अजून इंग्लंडमध्येच होते आणि पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर घरं तपासत होते. देवघरात बूट जात होते, बायकांचा पडदा राहिला नव्हता. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. इंग्लंडमधली वर्तमानपत्रं पुण्यावर तुटून पडली. गोखल्यांकडे पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्यात सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याची आणि त्यांतल्या एकीने जीव दिल्याची हकीकत होती. गोखल्यांनी ती 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितली. मुंबई सरकारने ती साफ नाकारली आणि पुरावा मागितला.

आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईला लागली. बोटीवरच पोलीस अधिकारी येऊन भेटला. त्याच आठवड्यात, २७ जुलैला, टिळकांना 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती. एकजण घरात लिहिल्याबद्दल कोठडीत, दुसरा बाहेर बोलल्याबद्दल जाबजबाबात. गोखल्यांना पत्रलेखकांची नावं सांगता येत होती. त्यांनी ती सांगितली नाहीत. नावं नाहीत तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर विधान मागे घेणं आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

लोक काय म्हणाले ते सांगायला नको. भेकड म्हणाले. काँग्रेसमधल्या बड्यांनीही काही काळ त्यांच्याकडे पाठ फिरवली. आम्ही विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हीही मनातल्या मनात भेकडच म्हटलं होतं. वय वीस असलं की टिळकांशिवाय कुणी आवडत नाही. आज आमचं मत वेगळं आहे. एखादी गोष्ट खरी असणं आणि ती सिद्ध करता येणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, पण शिकवताना त्याला रक्तमांस नव्हतं. गोखल्यांच्या वाट्याला ते रक्तमांसासह आलं. सोल्जरांची वागणूक वाईट होती हे सगळं पुणं जाणत होतं. पण ती दोन विधानं उभी करायची तर पुण्यातल्या कुणाला तरी पोलिसांपुढे उभं करावं लागणार होतं, आणि त्या काळात एखाद्या बाईचं नाव चव्हाट्यावर येणं म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं. गोखल्यांनी स्वतःचं नाव खर्ची घातलं. याला भेकडपणा म्हणायला आता आमची जीभ रेटत नाही.

मात्र चूक त्यांची होतीच. ऐकीव गोष्ट परदेशी वर्तमानपत्रापुढे ठेवली, हीच चूक. एप्रिलमध्ये आकड्यांशिवाय न बोलणारा माणूस जुलैमध्ये पत्रांच्या भरवशावर बोलला. तिकडचे श्रोते दोन्ही वेळा सारखेच प्रभावित झाले होते, हे विशेष. म्हणजे श्रोते प्रभावित झाले, यावरून वक्त्याच्या पायाखाली दगड आहे की चिखल ते कळत नाही. पुढे १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांची भाषणं झाली. एकेक वाक्य तोलून घेतलेलं असे. आम्हाला त्यात १८९७ च्या ऑगस्टची ठेच दिसते.

हेच गोखले पंधरा वर्षांनी पुन्हा एका परक्या देशात गेले. ऑक्टोबर १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. या वेळी थाट वेगळा होता. ते सरकारचे टीकाकारच होते, पण सरकारच्या संमतीने आले होते. तिकडच्या सरकारने रेल्वेचा खास डबा दिला, सभांना गोरे लोकही आले, मेयरांनी स्वागत केलं. बरोबर गांधीजी होते. एक गंमत सांगतो. काही सभांत गोखल्यांनी हिंदी मजुरांपुढे इंग्रजीत बोलू नये असा गांधीजींचा आग्रह होता. गोखल्यांची हिंदी जेमतेम. मग गांधीजींनी सांगितलं, मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. श्रोत्यांत कोकणी मुसलमान आहेत, त्यांना मराठी कळेल. आणि तसं झालं. म्हणजे गांधीजी दुभाषे आणि गोखले मराठीत!

प्रश्न होता तीन पौंडांच्या कराचा. नाताळमध्ये करार संपलेल्या हिंदी मजुराने तिथेच राहायचं ठरवलं तर माणशी वर्षाला तीन पौंड. बायकोचे वेगळे. गोखले प्रिटोरियात जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांना भेटले, स्पष्ट बोलले, आणि खूश होऊन बाहेर आले. कर जाणार, असा शब्द मिळाला आहे, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं. गांधीजींना तेवढी खात्री वाटली नाही. १९१३ मध्ये स्मट्सनी असा शब्द दिलाच नव्हता म्हणून हात वर केले. मग खाणीतले मजूर संपावर गेले, बायका तुरुंगात गेल्या, ट्रान्सवालच्या सरहद्दीवरून हजारोंचा मोर्चा निघाला. १९१४ मध्ये कर रद्द झाला. यजमानांनी हार घातले, जेवण दिलं, मान डोलावली. कर मात्र काढला मजुरांनी. गोखल्यांचं बोलणं वाया गेलं असं नाही. शब्द मोडला गेला हे जगाला सांगता आलं, कारण तो मागणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण मान डोलावणाऱ्याकडून लेखी घ्यावं, हे तेव्हाही खरं होतं.

आता टिळक. टिळकांना परदेशात जायची हौस नव्हती. ते ३० ऑक्टोबर १९१८ रोजी लंडनला पोचले ते खटला चालवायला. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने १९१० मध्ये पुस्तक लिहून त्यांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवलं होतं. शिवी म्हणून दिलेली पदवी आपण बिरुद म्हणून घेतली, तो भाग वेगळा. टिळकांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. परवानगीची अट अशी की राजकारण करायचं नाही. ही अट नंतर सैल झाली. वय बासष्ट, मधुमेह, मंडालेची सहा वर्षं अंगावर.

खटल्यात चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. त्यांनी काय केलं असेल? 'केसरी'चे जुने अंक काढले. तुम्ही अमुक साली हे लिहिलंत ना? तमुक साली हे लिहिलंत ना? टिळकांनी परदेशात वेगळी भाषा बोलायची ठरवली असती तरी ती बोलता आली नसती. घरचं सगळं भाषांतर करून कार्सनच्या टेबलावर होतं. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक खटला हरले. खर्च लाखांत गेला, लोकांनी वर्गणी काढून तो भरला.

आणि हरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ११ मार्चला, या माणसाने पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिलं. दिल्लीच्या काँग्रेसने टिळक, गांधी आणि हसन इमाम यांना या परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं. सरकारने पॅरिसला जायला पासपोर्ट दिला नाही. मग पत्र. आम्हाला विचाराल तर टिळकांच्या लिखाणातलं हे पत्र पुरेसं वाचलं गेलेलं नाही. गीतारहस्यावर आम्ही स्वतः अनेक व्याख्यानं झोडली, या पत्रावर आजवर एकही नाही.

त्यात गाऱ्हाणं जवळजवळ नाही. आमच्यावर अन्याय झाला, दया करा, हा सूर नाही. सूर असा : तुम्ही जगात शांतता राखायला राष्ट्रसंघ काढता आहात. हिंदुस्थान कुणाच्या भूमीवर डोळा ठेवून नाही. क्षेत्रफळ, साधनसंपत्ती आणि लोकसंख्या पाहिली तर आशियातली आघाडीची सत्ता होण्याची त्याची योग्यता आहे. पूर्वेकडे तुमच्या राष्ट्रसंघाचा आधारस्तंभ होईल असा दुसरा देश कोणता? तेव्हा हिंदुस्थानचा प्रश्न सोडवणं ही तुमचीच गरज आहे. १९१९ मध्ये हे लिहिणं! चार वर्षांच्या लढाईत इथून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली होती, सत्तर हजारांच्या वर परतली नव्हती, आणि ज्या देशाची ती माणसं त्याला स्वतःची म्युनिसिपालटीसुद्धा धड चालवू देत नव्हते. तो देश आशियाचा समतोल राखील, असं खटला हरलेला म्हातारा फ्रान्सच्या पंतप्रधानाला सांगतो आहे. त्यांनी ऐकणाऱ्याच्या स्वार्थाला हात घातला, पण स्वतःची मान खाली घातली नाही.

परिणाम? तसं पाहिलं तर शून्य. परिषदेत हिंदुस्थानतर्फे माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा बसले. २८ जूनला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची वेगळी सही झाली, राष्ट्रसंघाचं सभासदत्वही मिळालं. पारतंत्र्यातला देश आंतरराष्ट्रीय संघटनेचा संस्थापक सभासद! तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत विरोधाभासाचं उदाहरण म्हणून घालावं असं आहे. विल्सनकडे केलेल्या अर्जाला त्यांच्या सचिवाचं उत्तर आलं : स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी हाती घेतील. सरकारी उत्तरांचा मसुदा जगात सगळीकडे एकच माणूस लिहीत असावा.

पण टिळकांनी लंडनमध्ये दुसरंही काम केलं, ते कमी बोललं जातं. ते मजूर पक्षाकडे गेले. त्या पक्षाला होमरूल चळवळीतर्फे दोन हजार पौंडांची देणगी दिली. पुढाऱ्यांच्या गाठी घेतल्या, सभांत बोलले. पगडी घालून बोलणाऱ्या या माणसाचं तिथे कौतुक झालं, पण टिळकांनी कौतुक मोजलं नाही, मतदार मोजले. उद्या सत्तेवर कोण येईल हे पाहिलं. १९४७ चा कायदा ॲटलींच्या मजूर सरकारने केला. टिळकांच्या देणगीमुळे केला असं कुणी शहाणा म्हणणार नाही, युद्धाने ब्रिटनचं कंबरडंच मोडलं होतं. तरीसुद्धा आमच्या रिक्षातल्या मित्राला आम्ही विचारलं असतं, त्या क्लिपखाली वाहवा करणारे कुठल्या मतदारसंघातले?

इथे आमचे समवयस्क म्हणतील, गोखले-टिळकांचं सरकार परक्यांचं होतं. आज सरकार आपलं आहे, मग बाहेर जाऊन बोलायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण नुकतंच पाहिलं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यांतली तिघं इथून खाडीपलीकडच्या डोंबिवलीची. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं आणि सरकारनेच सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं तेहतीस देशांत धाडली. त्यांतल्या एकाचे प्रमुख कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे, ते सत्ताधारी बाजूचे. दुसऱ्याच्या प्रमुख सुप्रिया सुळे, विरोधी बाजूच्या, आणि त्यांच्या शिष्टमंडळात भाजपचे सभासदही होते. हे शिष्टमंडळ कतार, इजिप्त, इथिओपिया आणि गोखले गेले त्याच दक्षिण आफ्रिकेत गेलं. यात नवीन काही नव्हतं. १९९४ मध्ये जिनिव्हाला काश्मीरचा प्रश्न आला तेव्हा नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना शिष्टमंडळाचं प्रमुख केलं होतं, आणि पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला होता.

सरकार विरोधकाला का पाठवतं? कारण सरकारी माणूस काय बोलणार हे समोरच्याला आधीच ठाऊक असतं. जो माणूस घरी रोज सरकारला धारेवर धरतो तो म्हणाला की या बाबतीत सरकार बरोबर आहे, तर ऐकणारा कान टवकारतो. कोलंबियात शशी थरूर यांनी यजमान सरकारच्या निवेदनाबद्दल तोंडावर नाराजी सांगितली, आणि कोलंबियाने ते निवेदन मागे घेतलं. परत घरी मात्र त्यांच्याच पक्षातून त्यांच्यावर टीका झाली. म्हणजे बाहेर त्यांच्या शब्दाला वजन आलं ते घरच्या विरोधामुळे. आता उलटं पाहा. घरातला विरोधकच गप्प केला, संसदेत त्याला बोलूच दिलं नाही, तर बाहेर पाठवायला तुमच्याकडे उरतो कोण? आणि विरोधकानेही घरी जे सांगायचं धाडस केलं नाही ते परदेशी कॅमेऱ्यापुढे सांगितलं, तर कार्सनसारखा कुणी तरी जुने अंक काढणारच. आता तर अंक शोधायचीही गरज नाही, सगळं मोबाईलवर आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सर, तुम्ही स्वतः परदेशात कधी बोललात का, आणि काय बोललात?"

अडचणीचा प्रश्न आहे. पण आल्यासारखं सांगतो. ऐंशीच्या दशकात युरोपातल्या एका विद्यापीठात आम्ही अद्वैतातल्या समतेवर निबंध वाचला. नंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, तुमच्या गावात सगळे एकाच विहिरीवर पाणी भरतात का? आम्ही म्हणालो, आमच्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. टाळ्या झाल्या. उत्तरात एक अक्षरही खोटं नव्हतं. आमच्या गावात तेव्हा दोन विहिरी होत्या. आमची देवळाजवळ होती. दुसरी कुठे होती आणि उन्हाळ्यात तिला पाणी किती दिवस टिकायचं, हे आम्हाला माहीत होतं. ते आम्ही तिला सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर, गावी आल्यावर देवळाजवळच्या पारावरही सांगितलं नाही.

चहा तयार आहे असं म्हणतात. वाघबीळपर्यंत कुणाची गाडी जात असेल तर आम्हाला सोडावं.